अकरावा वाफा

“अन् दुपारी लाईट आली का, भगवंतरावच्या शेडमंदी कोणी तरी नाव घेते बापा! आता कोणाचं नाव घेते म्हणशीन तं...”

इतक्यात लाईट आली. चक्कीचा पट्टा फटफट करत फिरायला लागला आणि सगळी खोली पिठाच्या धुरळ्यानं आणि घरघरीनं भरून गेली. सांगणाऱ्या भागीरथेचे ओठ हलताना दिसले. तिच्यासमोरच्या बाईनं तोंडावर पदर ठेवलेला दिसला. शब्द मात्र एकही ऐकू आला नाही.

शकुन रांगेत तिसरी, ज्वारीचा डबा गुडघ्याशी धरून बसलेली. एरवीची गोष्ट असती तर ती तशीच उठून भागीरथेच्या कानाशी जाऊन बसली असती. मोर्शीच्या त्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून माहेरी गेली ती खरंच माहेरी गेली की रुसून गेली, हे सगळ्यांत आधी शकुनला कळायचं. “आमची बाई सातवी पास, पण खबरीत एम.ए.,” असं तिचा नवरा उत्तमराव बाजारात हार-फुलं विकता विकता गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि शकुनला ते ऐकून राग यायचा नाही.

पण त्या दिवशी तिनं विचारलं नाही. गरम पीठ डब्यात भरून घेतलं, झाकण दाबलं आणि सरळ घरी आली. नाव कोणाचं, हे ऐकायची तिची छाती झाली नाही. का झाली नाही, ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

भगवंतराव म्हणजे भिंतीपलीकडचे. अर्ध्या एकरात संत्र्याची पन्हेरी. जंभेरी लिंबाचं रोप वाढवायचं, त्याला संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि पावसाळ्यात ती कलमं बागवाल्यांना द्यायची. हिरव्या जाळीखाली अकरा वाफे, आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी पत्र्याची एक पाटी. पाटीवर तो वाफा सांभाळणाऱ्याचं नाव. सुभद्रा, भागीरथा, डोमाजी, असं. अकराव्या पाटीवर स्वतः भगवंतराव. मागच्या ज्येष्ठात ते त्याच वाफ्यात पडले आणि तिथंच गेले. चार वाजता त्यांची बायको सुभद्राबाई चहा घेऊन गेली तेव्हा कळलं.

त्या घरचा एक रिवाज होता. माणूस गेला की त्याच्या पाटीवरचं नाव ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत तिथं दुसरं नाव लिहायचं नाही. वाफ्याला पाणी द्यायचं, निंदण करायचं, सगळं करायचं. पण पाटी कोरी. भगवंतरावांच्या आईच्या वेळेसही तसंच झालं होतं. गल्लीतल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता वैशाख लागला होता. वर्ष व्हायला महिना उरला होता. आणि पन्हेरी सुकत चालली होती.

सुकत होती ती मशीनच्या पायी. शेडमध्ये लोखंडी पेटीत साबणाच्या डबीएवढं एक कॉम्प्युटर होतं. भगवंतरावांची पोरगी दामिनी, तिनं कॉलेजात असताना बापासाठी बसवलेलं. उन्हाळ्यात मोर्शीत बारा ते दोन लाईट जायची. परत आली की ते आपोआप उठायचं, आधी अकराही वाफ्यांची हजेरी घ्यायचं, आणि मग पंप चालू करून एकेका वाफ्यावर धुक्यासारखे बारीक फवारे सोडायचं. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात कलमं जगायची ती त्या दुपारच्या फवाऱ्यावर. पण गेल्या पंधरा दिवसांत मशीन कधी उठायचं, कधी उठायचंच नाही. दुपारी लाईट यायची, शकुनच्या घरचा कूलर गरगरायला लागायचा, पण भिंतीपलीकडे जाळीखाली सुकं ते सुकंच. भागीरथा आणि डोमाजी ही कामावरची दोघं पाईप धरून चार-पाच वाजेपर्यंत जमेल तेवढं भिजवायचे. तोवर पानं हातरुमालासारखी लोंबलेली असायची.

आणि किशोर वाटच पाहत होता. किशोर म्हणजे सुभद्राबाईचा थोरला, अकोल्यात नोकरीला. दर शनिवारी येऊन एकच म्हणायचा, “आई, या पावसाळ्यात पन्हेरी हातची गेली तं मी नर्सरी विकतो अन् तुले अकोल्याले नेतो. तिसऱ्या माळ्यावर फ्लॅट हाय, लिफ्ट हाय.”

सुभद्राबाई लिफ्टचं नाव ऐकूनच रडायची. शकुनलाही ते नको होतं. भिंतीच्या मधोमध दोन विटा काढून केलेल्या भगदाडातून तीस वर्षं वाट्या इकडच्या तिकडे गेल्या होत्या. सुभद्राबाई गेली तर त्या भगदाडाला मग कोण तोंड लावणार?

म्हणून शकुननं पाळत धरली. तिला पहिल्यापासून संशय होता की यात मशीनचा दोष नाही, माणसाचा आहे. तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, दुसऱ्या खुणा करायला सुरुवात केली. फवारा आला की टिंब, नाही आला की फुली. कूलरसमोरची दुपारची झोप तिची वर्षभरापासून उडालेलीच होती.

शनिवारी साडेबाराला ती भगदाडापाशी घमेलं पालथं घालून त्यावर उभी राहिली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वाऱ्याची गरम झळ यायची, जाळी एकदा फुगायची, पुन्हा बसायची. उन्हानं तापलेल्या पत्र्यांचा मधूनच टण् असा आवाज. आणि मग शेडचं दार करकरलं. किशोर बाहेर आला. इकडं तिकडं पाहिलं, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली.

“काहून रे किशोर,” शकुन भगदाडातून बोलली, “भर दुपारचा शेडमंदी काय करून राहिला?”

तो दचकलाच. मग हसला. “काकू, तुमची चौकीदारी बारा महिने चालू असते का? तुमाले दुपारची झोप नाई येत?”

तो सहज बोलला असेल. पण झोपेचं नाव शकुनला लागलं. तिनं विटेला हात टेकला.

“मीटरचा फोटो काढत होतो,” किशोर म्हणाला. “घेणाऱ्यानं मागतला. अन् हे आईजवळ नका बोलू.”

त्या दिवशी दोनला लाईट आली. फवारा आला नाही. कॅलेंडरवर फुली पडली, आणि शकुनच्या मनात किशोरच्या नावावर एक मोठी फुली पडली. पेटीची तार हाच ढिली करत असणार. विकायचंच आहे म्हटल्यावर पन्हेरी जगते कशाला!

रविवारी मात्र तिनं कॅलेंडरसमोर उभं राहून नीट पाहिलं तेव्हा हिशेब जुळेना. फुल्या अकरा, टिंबं चार. किशोर पंधरा दिवसांत दोनच वेळा आला होता. बाकीच्या नऊ फुल्या कोणाच्या? आणि त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे ती चार टिंबं. एक मंगळवार, एक गुरुवार, पुन्हा मंगळवार, एक शुक्रवार. त्या चारही दिवशी तिच्या आठवणीप्रमाणे त्या आवारात दुपारी माणूस नव्हता. सुभद्राबाई दवाखान्यात अमरावतीला, दामिनी तिच्यासोबत, नाही तर दोघी नात्यातल्या लग्नाला, भागीरथा-डोमाजीला सुट्टी. म्हणजे माणसं असली की मशीन उठत नव्हतं. कोणी नसलं की उठत होतं.

संध्याकाळी भागीरथा तिच्या ओट्यावर टेकली, तेव्हा शकुननं चहा पुढं केला आणि मन घट्ट करून विचारलं, “चक्कीवर सांगत होती ते काय वं? नाव कोणाचं घेते?”

“सोताचंच!” भागीरथा शकुनकडे न पाहता, बशीत फुंकर मारत म्हणाली. “भगवंत... भगवंत... असं.”

“तू ऐकलं?”

“मी काहून ऐकू? डोमाजीनं ऐकलं. चप्पल घ्यायले सुट्टीच्या दिवशी आला होता दुपारी. जाळीच्या बाहेरूनच ऐकलं म्हणे.”

“मंग पाह्यलं नाही का आत जाऊन?”

“पाहाले थांबते का तो? चप्पल तेथीच टाकून पयाला. अजून बिनचपलेचाच फिरून राहिला.”

शकुन इतकी खळखळून हसली की उत्तमरावांनी आतून विचारलं, काय झालं. छातीवरून धोंडा उतरावा तसं तिला झालं होतं. स्वतःचंच नाव घेतो! घेऊ दे. मेलेल्या माणसानं आपलं नाव घेतलं तर दुसऱ्याचं काय जातं? तिनं भागीरथेला दुसऱ्यांदा चहा दिला, वर दोन बिस्किटं.

सोमवारी ती कॅलेंडरचं पानच फाडून दामिनीकडे घेऊन गेली.

दामिनी सत्तावीस वर्षांची. पुण्यातली नोकरी आता घरूनच करायची, दिवसभर कानात ते फोनचं बोंडूक घालून. पान पाहून तिनं ते कानातलं काढलं.

“काकू, तुम्ही हे कधीपासून लिहून ठेवताय?”

“कोणी तरी लिहिलं पाहिजे ना बाई. तुह्या भावानं तार तं नाई ढिली केली?”

“तार मी दहा वेळा तपासली.” ती पानाकडे पाहतच राहिली. “पंधरा दिवस. म्हणजे मी नियम कडक केले तेव्हापासून.”

“कोणते नियम?”

दामिनीनं खुर्ची जवळ ओढली. “चैत्रात टाकीत पाणी नव्हतं, तरी मशीननं पंप चालवला अन् पंप जळला, आठवतं? माझ्या जुन्या ओळी ढिल्या होत्या. काही चुकलं, काही रिकामं असलं, तरी पुढं जायच्या. आमच्या कंपनीत तसं चालत नाही. म्हणून मी लिहिलं, एक जरी गोष्ट चुकली, एक जरी नाव सापडलं नाही, तरी तिथंच थांब, पुढं जाऊ नको.”

“चांगलं केलं मंग.”

“चांगलं, पण चुकीच्या जागी केलं. समजा घरात कडक सासू आली. तिनं आपल्या सुनेपुरता नियम करावा. हिनं नियम वेशीवर टांगला. मग येणारा जाणारा, दूधवाला, पोस्टमन, सगळ्यांना लागू. मशीन उठताना त्याची स्वतःची जुनी छोटी छोटी कामं असतात, ती बिचारी सवयीनं चालतात, त्यांच्यात कुठं ना कुठं रिकामी जागा असतेच. तीच अडायला लागली. पहिले दोन दिवस तर ते डोळेच उघडेना. एकेकाला सूट देत देत मी ते निस्तरलं. तरी कुठं तरी अजून अडतंय, आणि कुठं ते कळत नाही, कारण मधेच एखाद्या दिवशी ते व्यवस्थित चालतं. म्हणून मी तारांच्या मागं लागले.”

“लाईट येते तेव्हा समोर बसून पाह्यलं का?”

दामिनीनं कॅलेंडरच्या पानाची घडी घातली. दुपारी दोनला ती शेडमध्ये जात नव्हती. सुभद्राबाईही जात नव्हती. ते कोणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

“चाल,” शकुन म्हणाली. “मी हाय ना संगं.”

पावणेदोनला दोघी शेडमध्ये शिरल्या. भागीरथा आणि डोमाजी दूर कडुनिंबाखाली आडवे झाले होते. आत जाळीचा हिरवा उजेड, तळ्याच्या पाण्यात बुडून वर पाहावं तसा. सुकलेल्या मातीचा वास, आणि त्यात जंभेरीच्या पानांचा कडवट आंबूस वास. वाफे एकामागे एक लांबपर्यंत गेलेले. पाट्या चमकत होत्या. शेवटची कोरी होती, म्हणून सगळ्यांत जास्त चमकत होती.

दामिनीनं पेटी उघडली, आपल्या लॅपटॉपची तार जोडली, आणि दोघी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसल्या. घामाचा थेंब शकुनच्या मानेवरून पाठीत गेला तो तिला शेवटपर्यंत जाणवला. कुठं पक्षी नाही, मोटार नाही. लाईट नसलेल्या दुपारी गाव किती मेल्यासारखं होतं!

दोन वाजून आठ मिनिटांनी पेटीत टक् झालं.

दामिनीच्या पडद्यावर ओळी खाली उतरायला लागल्या. ती बोटानं दाखवत होती. “उठलं... घड्याळ लावलं... टाकीत पाणी आहे... आता हजेरी. एक. दोन. तीन...”

दहा आलं. आणि ओळी थांबल्या. लाल अक्षरांची एक ओळ उमटली, तिच्याखाली काहीच नाही.

“अकरा,” दामिनी हळूच म्हणाली. “अकराव्या वाफ्याचं नाव सापडत नाही म्हणतंय.” मग तिनं कपाळावर हात मारला. “अगं आई गं... मीच तर काढलं. आईनं पाटी पुसली, अन् मला म्हणाली, तुह्या मशीनमधलंही पूस. नाव कोरं ठेवलं असतं तर चाललं असतं. मी अख्खी ओळच काढून टाकली. जुन्या ढिल्या नियमात ते खपून गेलं वर्षभर. आता कडक नियम म्हणतो, नाव नाही, तर पुढं जात नाही.”

शकुनलाही हसू फुटलं. म्हणजे मशीन खरंच नाव मागत होतं! भागीरथेची अर्धी गोष्ट खरी निघाली होती. भूत नाही, प्रेत नाही, किशोरची तारही नाही. एक पुसलेली पाटी आणि एक कडक सासू. दोघी त्या हिरव्या उजेडात हसल्या, आणि क्षणभर शेड नेहमीचं शेड झालं.

मग दामिनीचं हसू हळूहळू ओसरलं.

“पण काकू... मग ते चार दिवस कसं चाललं?”

“कसं म्हणजे?”

“नावाशिवाय चालूच शकत नाही. त्या दिवशी नाव मिळालं असेल तरच...” तिची बोटं चालायला लागली होती. “ते रोज नोंद करून ठेवतं. कोणत्या वाफ्याला कोणतं नाव घेतलं, किती वाजता. थांबा.”

तिनं पहिला मंगळवार काढला. शकुन वाकून पाहत होती. अकरा ओळी. इंग्रजी अक्षरं, शकुनला ती लागत नव्हती. दहाव्यापर्यंत नुसती इंग्रजीच इंग्रजी.

अकरावी ओळ मराठीत होती. ती तिला लागली.

शकुनबाई.

“मी सगळं इंग्रजीत लिहिते,” दामिनी म्हणाली. तिनं गुरुवार काढला. शकुनबाई. दुसरा मंगळवार. शकुनबाई. शुक्रवार. शकुनबाई. चारही ठिकाणी वेळ एकच. दोन वाजून दहा मिनिटं.

दामिनीनं मान वळवली. ती शकुनकडे पाहत होती, आणि ती नजर शकुननं चांगली ओळखली. कारण गेले पंधरा दिवस तीच नजर घेऊन ती स्वतः सगळ्या घराकडे पाहत होती.

“काकू, आम्ही घरी नसताना तुम्ही शेडमध्ये येत होता का?”

“मी?”

“कॅलेंडरवर बरोबर तेच चार दिवस लिहिलेत तुम्ही. आम्ही कुठं गेलो होतो तेही तुम्हाला माहीत. रागावत नाही मी. फक्त खरं सांगा. पासवर्ड कोणी दिला?”

“अवं माय, मले माह्या मोबाईलचा पासवर्ड आठवत नाई! ह्या पेटीले मी आज पयल्यांदा हात लावून राह्यली...”

बोलता बोलता ती पुन्हा त्या मराठी ओळीकडे वळली. कारण एक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती, आणि दामिनीच्या ती येण्यासारखी नव्हती. गल्लीत तिला सगळे काकू म्हणायचे. बायका नुसतं शकुन म्हणायच्या. नवरा ‘ऐकलं का’ म्हणायचा. तिला शकुनबाई म्हणणारा साऱ्या मोर्शीत एकच माणूस होता. भिंतीपलीकडून, शेवटचा ‘ई’ लांबवत. शकुनबाईऽ, जरा खायची पानं आहेत का? शकुनबाईऽ, उत्तमराव आले का?

दामिनीनं त्याच दिवशी काम उरकलं. वेशीवरचा कडक नियम काढून आपल्या ओळींपुरता घरात आणला, आणि अकराव्या वाफ्यासाठी लिहिलं, नाव नसलं तरी चालेल. मंगळवारी दुपारी फवारा आला. बुधवारीही आला. पासवर्डही तिनं बदलला, आणि ते शकुनला ऐकू जाईल अशा बेतानं आईला सांगितलं. कोणी तरी चावटपणा केला असेल, असं ती म्हणाली. कोण, ते तिनं म्हटलं नाही. पण भगदाडातून वाटी घेताना तिची नजर जरा वेळ शकुनच्या हातांवर थांबायची.

शनिवारी किशोर आला तेव्हा कलमांनी माना वर केल्या होत्या. शेंड्याला तांबूस कोवळी पालवी. तो वाफ्यांमधून दोन फेऱ्या मारून आला, आणि आईच्या हातचं पाणी पीत म्हणाला, “ठीक हाय. घेणाऱ्याले मी नाई सांगतो. पुढच्या वर्षी पाहू.” सुभद्राबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

तिचं घर राहिलं. भगदाड राहिलं. आता शकुनला निवांत व्हायला हरकत नव्हती. पण त्या मराठी ओळीतलं नाव तिच्या डोक्यातून जाईना.

रविवारी दुपारी, लाईट गेलेली असताना, ती सुभद्राबाईकडे गेली. दोघी मागच्या पडवीत चिंचा फोडत बसल्या.

“सुभद्राबाई,” शकुन खाली मान घालून म्हणाली, “तुले एक सांगायचं होतं. वर्ष झालं, पोटात ठेवून राह्यली.”

“सांग ना वं.”

“भाऊजी गेले... त्या दिवशी मले त्यायची हाक आली होती.”

सुभद्राबाईचा हात थांबला.

“दुपारची लाईट नुकतीच आली होती. कूलर सुरू झाला, थंड वारा लागला, अन् डोळे मिटत होते. तेवढ्यात भिंतीकडून हाक आली. शकुनबाईऽ. मी ऐकली. साफ ऐकली. पण उठाचा कंटाळा आला बाई! म्हटलं, जाईन दोन मिनटानं, पानं मागत असतीन. अन् मंग झोपच लागली. साऱ्या गावाच्या घरात कान लावून बसणारी मी... अन् त्या एका हाकेले नाई उठली. चार वाजता तुही किंकाळी आली तवा उठली.”

ती रडायला लागली. चिंचेच्या हातांनीच डोळे पुसले आणि डोळे अजूनच झोंबले. सुभद्राबाई उठली, ओल्या पदरानं तिचे डोळे टिपले, तिचं डोकं स्वतःच्या खांद्याला लावलं.

“येडी हायेस. वर्षभर हे घेऊन बसली? मले तवाच काहून नाई सांगतलं?” ती शकुनच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “तू उठली असती तरी काय होणार होतं? डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं मले. लाईट गेली, त्याच्याही आधी गेले होते ते. बारा वाजाच्या आत. दोन वाजेतो तं अंग...”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. “हाक तं तुले सपनात आली असन,” ती म्हणाली.

शकुनच्या पाठीवर तिचा हात फिरत होता. वर्षभराचं ओझं उतरलं होतं. खरंच उतरलं होतं. तिच्या न उठण्यानं कोणी मेलं नव्हतं. ती हलकी झाली, आणि त्याच हलकेपणात पायापासून गार पडत गेली.

बाराच्या आत गेले. हाक आली ती दोनला, लाईट आल्यावर. स्वप्नातल्या हाकेनं माणूस जागा होतो. ती तर त्या हाकेनंतर झोपली होती.

घरात पंखा फिरायला लागला. लाईट आली होती. शेडमध्ये टक् झालं, पंपानं घरघर धरली, आणि पलीकडे जाळीखाली फवारे एकेक करून सुटायला लागले. फुस्स. एक. फुस्स. दोन. सुभद्राबाई समाधानानं ऐकत होती. शकुन मोजत होती.

दामिनीला तिनं परवाच विचारलं होतं, वाफ्या-वाफ्यात किती वेळ थांबा ठेवला आहेस? दामिनी म्हणाली होती, “थांबाच नाही काकू. एक झाला की लगेच दुसरा.”

आठ. नऊ. दहा.

आणि मग, रोजच्यासारखंच, काही नाही. पंप चालू, पाणी चालू, आणि अकराव्याशी नुसती शांतता. कोणी एक हाक मारावी, आणि दुसऱ्यानं ओ द्यावी, एवढी.

आपल्या तोंडून ओ निघू नये म्हणून शकुननं दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले.

फुस्स.